चौदा हजार किलोमीटरची गाडी आणि जाड फाइलवाली गाडी

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिकेचं वय ४६, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. कॉलेजात असल्यापासून त्यांना दोन आसनी स्पोर्ट्स कार हवी होती. आता मुलगा नोकरीला लागला आहे, घराचं कर्ज फिटलं आहे आणि स्वतःच्या कमाईतून त्यांनी यासाठी वेगळी रक्कम साठवली आहे. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या त्यांनी पाहिल्या. इंजिन दोन्हींत मधोमध, गिअर हाताने टाकायचे. पहिली ६ वर्षांची, १४,००० किलोमीटर चाललेली. ती कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे आहे, सर्टिफाइड आहे आणि तिच्यावर दोन वर्षांची वॉरंटी मिळते. ती घेतली तर साठवलेली रक्कम जवळजवळ संपते. दुसरी ९ वर्षांची, ५२,००० किलोमीटर चाललेली, खासगी मालकाकडची. प्रमाणपत्र नाही, पण मालकाकडे प्रत्येक सर्व्हिसच्या बिलांची जाड फाइल आहे. किंमत पहिलीच्या साधारण दोन-तृतीयांश. नवऱ्याच्या मते दोन सीटची गाडी म्हणजे निव्वळ उधळपट्टी. भाऊ म्हणतो, सर्टिफिकेट ही विक्रेत्यांची चलाखी आहे, खासगीतच घे. विक्रेता म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, शनिवारपर्यंत टोकन द्या. शेवटी त्या लिहितात, "पहिली गाडी घेण्यातच शहाणपण आहे हे कळतंय. प्रमाणपत्र दाखवलं की घरातलेही गप्प होतील. मग माझं मन का अडतंय?"

उत्तर

घरातले गप्प होतील, हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मन अडण्याचं कारण तिथेच असावं असं मला वाटतं. त्या एका कागदावर तुम्ही दोन कामं सोपवली आहेत. गाडी चांगली आहे याची खात्री त्याने द्यायची आणि ती गाडी घेणं गैर नाही हे घरात पटवूनही त्यानेच द्यायचं. पहिलं काम तो अर्धंमुर्धं करतो. दुसरं त्याला जमणारच नाही.

दुसरं आधी हातावेगळं करू. दोन आसनी गाडी कुणाची गरज नसते, ती हौस असते. स्वतःच्या कमाईतून, कर्ज न काढता, घरातला कोणताही खर्च न अडवता केलेल्या हौसेसाठी प्रमाणपत्र लागत नाही. ते पुढे केलंत तर उलट नवऱ्याला वाटेल की तुम्हालाच खात्री नाही. त्यांचं "उधळपट्टी" हे मत बाजूला ठेवा, पण त्यामागे एक रास्त काळजी असू शकते. पहिली गाडी घेतल्यावर हातात काही उरत नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्या काळजीला उत्तर द्यायचं तर पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाचा कागद मांडावा लागेल. तो कसा मांडायचा ते पुढे सांगते.

आता प्रमाणपत्र. भाऊ म्हणतो तशी ती चलाखी नाही, पण ते कोण देतं यावर त्याचं वजन ठरतं. गाडी बनवणारी कंपनी स्वतःच्या अधिकृत केंद्रात, स्वतःच्या यंत्रांवर गाडी तपासते, स्वतःच्या नावावर वॉरंटी देते आणि ती वॉरंटी तिच्या कोणत्याही केंद्रात चालते. हे एक. दहा कंपन्यांच्या गाड्या विकणारा विक्रेता स्वतःचं छापील पत्रक जोडतो आणि त्यालाही सर्टिफाइड म्हणतो. हे दुसरं. तुमची पहिली गाडी पहिल्या प्रकारातली दिसते आणि ही तिची खरी जमेची बाजू आहे. तरी विक्रेत्याला विचारून घ्या की वॉरंटीच्या करारावर नाव कुणाचं आहे: कंपनीचं, विक्रेत्याचं की एखाद्या विमा कंपनीचं.

तपासणीतल्या मुद्द्यांच्या संख्येने मात्र भारावून जाऊ नका. पोर्शच्या तपासणीत १११ मुद्दे असतात, इतर कंपन्यांचेही असेच शंभराच्या घरातले आकडे ऐकायला मिळतात. त्या यादीत दिवे, वायपर, सीटबेल्ट, एसी, काचा, आसनांचं कातडं हे सगळं येतं. ते तपासायलाच हवं, पण स्पोर्ट्स कारमधला महागडा धोका तिथे नसतो. तो इंजिनाच्या पोटात, क्लचमध्ये, गिअरबॉक्समध्ये आणि ब्रेकमध्ये असतो. सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून भिंतींवर ओरखडे आहेत का हे पाहणं, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं, ही कामं अशा तपासणीत सहसा होत नाहीत. तुमच्या गाडीचा भरलेला तपासणी अहवाल मागा. कोरा नमुना किंवा माहितीपत्रक नको. ब्रेकच्या डिस्कची जाडी किती मिलिमीटर भरली, टायरची खोली किती, क्लचबद्दल काय नोंद आहे, हे आकडे त्यात असले तर अहवाल कामाचा. सगळीकडे नुसत्या बरोबरच्या खुणा असतील तर आकडे तोंडी न घेता लेखी मागा.

प्रमाणपत्राची खरी किंमत त्यामागच्या वॉरंटीत आहे. म्हणून ती करारासारखी, ओळ न् ओळ वाचा. दोन वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजली जातात की मूळ वॉरंटी संपल्याच्या तारखेपासून? फक्त इंजिन-गिअरबॉक्स धरले आहेत की इलेक्ट्रॉनिक्स, सस्पेंशन, कूलिंगही? एका दुरुस्तीसाठी किंवा एकूण मिळून रकमेची मर्यादा आहे का? मजुरी धरली आहे का? क्लच, ब्रेक पॅड, डिस्क, टायर, बॅटरी हे झिजणारे भाग जवळपास नेहमी वगळलेले असतात आणि स्पोर्ट्स कारमध्ये नेमका त्यांचाच खर्च मोठा असतो. रेस ट्रॅकवर गाडी नेल्यास वॉरंटी लागू नाही, असं कलम बहुतेक करारांत असतं. इंजिनाचं सॉफ्टवेअर कुणी बदललं असेल तर ती रद्दही होते, मग तो बदल तुम्ही केलेला असो की आधीच्या मालकाने. म्हणून "गाडीत कोणताही बदल केलेला नाही" हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

आता तुमचं दुसरं गृहीतक बघू. तुम्ही १४,००० हा आकडा असा लिहिला आहे की जणू त्यावर चर्चाच नको. मला त्यावरच सर्वाधिक बोलायचं आहे.

तुमच्या व्यवसायात हे वेगळं सांगायला नको. महिनोन् महिने न हललेला सांधा नवा राहत नाही, आखडतो. उभ्या गाडीचंही तसंच होतं. रबरी सील कोरडे पडतात आणि गाडी पुन्हा चालू लागली की त्यांतून तेल झिरपतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. म्हणून किलोमीटर कितीही झालेले असोत, ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डिस्कला गंज चढतो. टायर एकाच जागी दबतात, बॅटरी उतरते. सगळ्यांत वाईट म्हणजे छोट्या फेऱ्या. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, तापमान-काटा काही मिनिटांत मधोमध येतो, पण इंजिन ऑइल पुरतं तापायला त्याहून बराच वेळ लागतो. दरवेळी पाच किलोमीटर जाऊन गाडी बंद केली तर जळणाच्या प्रक्रियेतून आलेलं पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्येच साठत राहतं, उडून जात नाही.

सहा वर्षांत १४,००० म्हणजे वर्षाला सुमारे २,३०० किलोमीटर, आठवड्याला ४५ च्या आसपास. महिन्यातून एकदा लांबचा फेरफटका मारला तरी एवढेच होतात आणि रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन आलं तरी एवढेच. आकडा तोच, इंजिनाची अवस्था मात्र वेगळी. यातलं कोणतं घडलं हे बऱ्याच अंशी शोधता येतं. अनेक आधुनिक स्पोर्ट्स कारच्या इंजिन नियंत्रकात इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद असते. किलोमीटरला त्या तासांनी भागा. १४,००० किलोमीटर ३०० तासांत झाले असतील तर सरासरी वेग तासाला ४७ किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर नीट चालली. तेच ८०० तासांत झाले असतील तर सरासरी सतरा-अठरा. मग गाडी गर्दीत किंवा छोट्या फेऱ्यांत घासली गेली, नाहीतर ओडोमीटर मागे फिरवला गेला. दोन्ही शक्यता पुढे विचारपूस करायला लावणाऱ्या आहेत.

तासांच्या नोंदीबरोबर आणखी एक नोंद मागा, आणि तुमच्या दोन्ही गाड्या हाताने गिअर टाकायच्या असल्यामुळे ती फार महत्त्वाची आहे. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन मिनिटाला ठरावीक फेऱ्यांच्या (आरपीएमच्या) वर जाऊ नये यासाठी मर्यादा घातलेली असते. पण वेगात असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात आणि तिथे इलेक्ट्रॉनिक्सचं काही चालत नाही. पोर्शसारख्या काही कंपन्यांच्या गाड्यांत अशा प्रसंगांची नोंद टप्प्याटप्प्यांत साठते. नव्या मॉडेलांत असे सहा टप्पे असतात आणि प्रसंग इंजिनाच्या कितव्या तासाला घडला तेही दिसतं. खालच्या टप्प्यांतल्या नोंदींना फारसा अर्थ नाही, मर्यादेला टेकलेली गाडी तिथे येतेच. वरच्या टप्प्यांत नोंद असेल आणि तीही अलीकडच्या तासांतली, तर जाणकाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन क्लचच्या आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये हा धोका जवळजवळ नसतो, कारण तो चुकीचा गिअर घेतच नाही. इतर वाचकांनी हा फरक लक्षात ठेवावा.

टायरही बोलतात. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या गाडीवर मूळचेच टायर असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते भरवशाचं नाही. चारही टायरांचा खर्च किमतीतून वजा करून मागा. मागचे टायर एकदा बदललेले असतील तर त्यात काही वावगं नाही, या गाड्यांत ते लवकरच झिजतात. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा मात्र वितळल्यासारख्या खरखरीत दिसल्या, ब्रेक डिस्कवर भोकांभोवती बारीक चिरा दिसल्या, तर गाडी ट्रॅकवर गेलेली असण्याची शक्यता आहे. ट्रॅकवर गेलेली गाडी वाईटच, असं मी म्हणणार नाही. तिथे गाडी नेणारे कित्येक मालक इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी बदलतात. पण विक्रेत्याने तसं सांगितलेलं नसेल तर तो आणखी काय सांगत नाही हे शोधावं लागतं.

कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतील तर सावध व्हा. ते दिसायला वर्षानुवर्षं नवे राहतात, झीज नुसत्या डोळ्यांना कळत नाही. डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं आणि झीज त्या वजनावरून किंवा खास यंत्राने मोजतात. पूर्ण संच बदलायची वेळ आली तर तो खर्च पचवणं भल्याभल्यांना जड जातं.

दुसऱ्या गाडीच्या फाइलकडे आता वळू, कारण तुमचं मन तिच्याकडे ओढ घेतंय आणि त्याची तुम्हाला धास्ती वाटते, असं पत्रावरून दिसतं. तुमचा कल चुकीचा नाही. फक्त फाइलची जाडी मोजू नका, ती वाचा. सगळी बिलं तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकावरचे किलोमीटर पाहा. ते चढतेच हवेत. मध्ये दीड-दोन वर्षांची पोकळी असेल तर तेव्हा गाडी कुठे होती ते विचारा. इंजिन ऑइल निदान वर्षातून एकदा बदललं आहे का, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, स्पार्क प्लग, कूलंट आणि गिअरबॉक्स ऑइल कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे, एवढं बघा. एकच तक्रार तीन-तीन बिलांवर दिसत असेल, समजा गाडी तापण्याची किंवा तेल गळण्याची, तर ती फाइल इशारा देते आहे. झीज होईल तसे भाग वेळेवर बदललेले दिसले तर मालकाने पैसे वाचवायला गाडी उपाशी ठेवली नाही हे कळतं, आणि ही गोष्ट कोणतंही प्रमाणपत्र सांगू शकत नाही.

मालकाला भेटता येतं, हा खासगी खरेदीतला मोठा फायदा आहे आणि लोक तो वाया घालवतात. त्यांना विचारा, नऊ वर्षांत काय काय बिघडलं, आणि गाडी ठेवली असती तर पुढच्या वर्षी काय करून घेतलं असतं? काहीच बिघडलं नाही असं म्हणणाऱ्यापेक्षा वॉटर पंप बदलला, मागचे शॉकॲब्सॉर्बर आता लवकरच लागतील, असं सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवेन. गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या, तसं आधीच सांगून ठेवा. थंड इंजिन चालू होतानाचा आवाज, पहिल्या काही सेकंदांतला धूर, अडखळणं हे तापलेल्या इंजिनात ऐकू-दिसू येत नाही. मग मालक शेजारी असताना त्यांनाच आधी चालवायला सांगा. थंड इंजिन ते जोरात पिळतात की ऑइल तापेपर्यंत सबुरीने चालवतात, हे त्या दहा मिनिटांत कळेल. नऊ वर्षांची सवय माणूस तुमच्यासाठी बदलत नाही.

यानंतर मात्र गाडी त्रयस्थ जाणकाराला दाखवायचीच. आणि हे दोन्ही गाड्यांसाठी आहे. सर्टिफाइड गाडीला आणखी तपासणीची काय गरज, असं विक्रेता म्हणेल. गरज एवढीच की तपासणारा आणि विकणारा एकच आहे. जाणकार त्याच मॉडेलवर रोज काम करणारा हवा, कारण प्रत्येक मॉडेलच्या खोडी वेगळ्या. १९९७ ते २००८ या काळातल्या पोर्शच्या बॉक्स्टर आणि ९११ या मॉडेलांच्या अनेक इंजिनांत मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग कमकुवत होतं. ते तुटलं की अख्खं इंजिन जायचं. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी-३ मध्ये वेगळं इंजिन असल्यामुळे तो प्रश्न नव्हता आणि २००९ च्या मॉडेलांपासून आलेल्या नव्या इंजिनात ते बेअरिंगच राहिलं नाही. २००७ ते २०१३ दरम्यानच्या व्ही-८ इंजिनाच्या बीएमडब्ल्यू एम-३ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांची झीज हा जाणकारांचा नेहमीचा विषय आहे. अशा खोडी गाड्या चार-सहा वर्षं लोकांच्या हातात फिरल्यावर कळतात. सर्वसाधारण तपासयादीत त्यांच्यासाठी रकाना नसतो. जो माणूस ते इंजिन खोलून बसला आहे, त्याच्याच डोक्यात ती यादी असते.

त्या जाणकाराकडून काय करून घ्यायचं? गाडी वर उचलून खालून पाहणी, संगणकावरच्या नोंदी (तास आणि जास्तीच्या फेऱ्या धरून), सिलिंडरचा दाब, शक्य असेल तर कॅमेऱ्याने आतली पाहणी, क्लचची अवस्था, आणि रंगाची जाडी. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो आणि अंगभर बराचसा सारखा असतो. एकाच दारावर ३०० च्या वर आकडा गेला तर तिथे पुन्हा रंगकाम झालं आहे, बहुधा खाली पुट्टीही आहे. पण रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म लावली असेल तर तीच दीड-दोनशे मायक्रॉनची असते, म्हणून आकडा वाढला की लगेच घाबरू नका. जाडी मोजायचं यंत्र ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरही चालणारं हवं, हेही विचारून घ्या. खडे उडून खराब झालेला पुढचा बंपर रंगवलेला असणं किरकोळ आहे. सांगाडा ओढून सरळ केलेला असणं किरकोळ नाही. तो नकार समजायचा, किंमत कितीही उतरवली तरी. चॅसी क्रमांक कंपनीकडे देऊन सुरक्षा-दुरुस्तीची कोणती मोहीम या गाडीवर बाकी आहे का, हे दोन्ही गाड्यांबाबत तपासा. ते फुकट होतं आणि पाच मिनिटांचं काम आहे.

आता तो खर्चाचा कागद. खरेदीची किंमत हा पहिल्या दिवसाचा खर्च झाला. पुढचा म्हणजे विमा, वार्षिक सर्व्हिस, मागचे टायर (पुढच्यापेक्षा रुंद असल्याने ते आलटून-पालटून वापरता येत नाहीत), ब्रेक, कधीतरी क्लच, आणि एक मोठी अनपेक्षित दुरुस्ती. हे सगळं अधिकृत केंद्राच्या आणि स्वतंत्र जाणकाराच्या अशा दोन्ही दरांनी लिहून काढा. माझा स्वतःचा ठोकताळा असा, की गाडीच्या किमतीच्या किमान १५ टक्के रक्कम खरेदीच्या दिवशी वेगळी पडलेली असावी आणि तिला गाडीशिवाय कशासाठीही हात लागू नये. जुन्या गाडीला २० टक्के धरा, कारण गाडी स्वस्तात मिळाली तरी तिचे सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने येतात.

या मापाने पहिली गाडी तुम्हाला परवडत नाही. बँकेतल्या आकड्यात ती बसते, पण बसली की मागे काही उरत नाही. आणि हे बघा. वॉरंटी दोन वर्षांनी संपेल तेव्हा गाडी आठ वर्षांची असेल, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या सुरू होण्याच्या वयात, आणि गंगाजळी रिकामी. प्रमाणपत्राने तुमची जोखीम दोन वर्षं पुढे ढकलली, एवढंच झालं. दुसरी गाडी घेतली तर पहिलीच्या किमतीचा साधारण एक-तृतीयांश तुमच्याकडे राहतो. त्यातून राखीव रक्कमही निघते आणि थोडी साठवणही उरते. शिवाय नऊ वर्षांच्या गाडीची किंमत पडायची तेवढी बरीचशी पडून गेलेली असते.

तरी वॉरंटीला कमी लेखू नका. गाडीत कुठे खट्ट वाजलं की तुमची रात्रीची झोप जाणार असेल, तर ती निश्चिंती मोलाची आहे आणि तिच्यासाठी जास्त पैसे देणं वेडेपणा नाही. पण निश्चिंती मिळवायला पहिलीच गाडी घ्यावी लागते असं नाही. काही कंपन्या खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीलाही वॉरंटी विकतात. गाडी ठरावीक वयाच्या आत हवी, अधिकृत केंद्राच्या तपासणीत उतरायला हवी आणि जे दोष निघतील ते आधी दुरुस्त करून द्यावे लागतात. ही सोय प्रत्येक देशात आणि प्रत्येक कंपनीत मिळतेच असं नाही, म्हणून दुसऱ्या गाडीचा चॅसी क्रमांक घेऊन अधिकृत केंद्रात हा प्रश्न आत्ताच विचारा. उत्तर होकारार्थी आलं तर फाइल, कमी किंमत आणि वॉरंटी हे तिन्ही एकाच गाडीत मिळतील. नकारार्थी आलं आणि वॉरंटी तुम्हाला हवीच असेल, तर याच कंपनीची, याच मॉडेलमधली कमी ताकदीच्या इंजिनाची सर्टिफाइड गाडी शोधा. रोजच्या रस्त्यावर तो ताकदीतला फरक क्वचितच वापरायला मिळतो.

माझं मत विचाराल तर, दुसरी गाडी जाणकाराच्या तपासणीत उतरली तर ती घ्या. नाही उतरली तर या दोन्ही सोडा आणि थांबा. पहिली घ्यायची तर एकच वाट दिसते: किंमत एवढी उतरली पाहिजे की राखीव रक्कम हातात राहील, आणि तासांची व फेऱ्यांची नोंद निर्मळ निघाली पाहिजे.

शनिवारची मुदत विक्रेत्याची आहे, तुमची नाही. टोकन द्यायचंच झालं तर पावतीवर लिहून घ्या: स्वतंत्र तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत. तेवढं लिहायची त्याची तयारी नसेल तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला ती गाडी लखलाभ होवो. कारखान्यातून रांगेने बाहेर पडलेल्या मॉडेलची ही एक गाडी आहे, अशा आणखी विक्रीला येतील.

भावाला सोबत न्या, पण त्याला बाजू घ्यायला सांगू नका. नोंदी लिहून घ्यायला सांगा, चालवताना तुमचं लक्ष तिकडे राहणार नाही. नवऱ्याला तो खर्चाचा कागद दाखवा, गाडी ठरवायच्या आधी, आणि जमलं तर टेस्ट ड्राइव्हला शेजारच्या सीटवर बसवा. ते खूश होतील असं आश्वासन मी देत नाही. पण बोलणं हौसेवरून आकड्यांवर आलं की भांडणाला जागा कमी उरते.

कोणतीही गाडी घेतलीत तरी पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, मालकाने कालच बदललं असं सांगितलं तरी. त्याचं बिल हातात असेल तर गोष्ट वेगळी. आठवड्यातून एकदा निदान अर्धा-पाऊण तास सलग चालवा. आणि एक दिवस प्रशिक्षकाबरोबर बंद मैदानावर शिकण्यात घाला. मधल्या इंजिनाच्या गाडीत वळणाच्या ऐन मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं पकड सोडतात. आजवर पुढे इंजिन असलेल्या गाड्या चालवल्या असतील तर तुमच्या पायाला ही सवय नसणार. ओल्या मैदानावर, कमी वेगात, प्रशिक्षकाच्या देखत ते एकदा अनुभवून घ्या. असं प्रशिक्षण तुमच्या विम्यात आणि वॉरंटीत बसतं का, हे जाण्याआधी लेखी विचारा. नसेल बसत तर प्रशिक्षण संस्थेचीच गाडी घेऊन शिका.